राउटरच्या यादीतली अनोळखी नावं: नेटवर्कमधल्या उपकरणांचे गट का आणि कसे पाडायचे

राउटरचं ॲप उघडून ‘जोडलेली उपकरणं’ ही यादी एकदा पाहा. दोन फोन, लॅपटॉप, टीव्ही इथपर्यंत ओळख पटते. त्याखाली मात्र ‘अननोन’, ‘ईएसपी’ आणि त्यापुढे काहीतरी अक्षरं-आकडे, कुठे नावच नाही, नुसता बारा अक्षरांचा पत्ता. यातला एक स्मार्ट प्लग असतो, एक बल्ब, एक कधीतरी बसवलेला कॅमेरा. कोणता कुठला, हे त्या क्षणी सांगता येत नाही. घरात अशी वीस उपकरणं निघतात, मध्यम आकाराच्या कार्यालयात दोन-तीनशे आणि रुग्णालयात किंवा विद्यापीठात हजारो.

ही सगळी एकाच ढिगात पडलेली असतात. हिशेबाचा संगणक, पाहुण्याचा फोन आणि दारावरचा कॅमेरा एकमेकांच्या शेजारी, मध्ये काहीही आडोसा नाही. ‘नेटवर्क वेगळं करा’, ‘व्हीलॅन करा’, ‘गेस्ट वायफाय चालू करा’ असे सल्ले सर्रास दिले जातात. त्यामागचं कारण कोणी नीट सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय गट बरोबर पडत नाहीत.

आरोळी सगळ्यांना ऐकू जाते

भिंती नसलेल्या मोठ्या दालनात शंभर माणसं बसली आहेत अशी कल्पना करा. तुम्हाला एकाला चिठ्ठी द्यायची आहे. त्याचं नाव माहीत आहे, पण तो बसलाय कुठे हे माहीत नाही. मग तुम्ही मोठ्याने त्याच्या नावाने हाक मारता. शंभर जण मान वर करतात, नव्याण्णव जण पुन्हा खाली घालतात, एक जण हात वर करतो.

नेटवर्कमध्ये हुबेहूब हेच चालतं. संगणकाला प्रिंटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला क्रमांक, माहीत असतो. पण चिठ्ठी हातात द्यायला यंत्रावर कारखान्यातच कोरलेला हार्डवेअरचा पत्ता लागतो. म्हणून तो आरोळी ठोकतो, “१९२.१६८.१.२० कोण आहे? तुझा पत्ता सांग.” या आरोळीला ब्रॉडकास्ट म्हणतात. ही विचारण्याची पद्धत १९८२ साली ठरली आणि आजही तशीच चालू आहे. नव्याने आलेलं यंत्र ‘मला क्रमांक द्या’ म्हणतं तेही आरोळी ठोकूनच.

यातून दोन गोष्टी होतात. एक म्हणजे यंत्रं वाढली की आरोळ्या वाढतात, आणि त्यातली प्रत्येक आरोळी प्रत्येक यंत्राला हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावी लागते. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याला आरोळी ऐकू येते, त्याला दारही ठोठावता येतं. कॅमेऱ्यात कोणी शिरलं, तर त्याच्यासमोर हिशेबाचा संगणक उघडा बसलेला असतो.

हा ढीग किती नाजूक असतो ते मी एका छोट्या कार्यालयात पाहिलंय. सकाळी अचानक फोन बंद, प्रिंटर बंद, कॅमेऱ्यांची चित्रं गोठलेली. स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबल ज्यात येतात त्या पेटीच्या, समोर उभा राहिलो. एरवी त्यावरचे हिरवे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात. त्या दिवशी सगळेच्या सगळे एकाच वेळी, एकाच ठेक्यात, थांबायचं नाव न घेता लुकलुकत होते. एकेक केबल काढत गेलो. चौदावी काढली आणि दिवे शांत झाले. बैठकीच्या खोलीत टेबल सरकवताना कोणीतरी मोकळं दिसलेलं टोक भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचलं होतं. एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचला येऊन मिळाली होती. एक आरोळी त्या वळशात शिरली आणि गोल गोल फिरत स्वतःच्या प्रती काढत राहिली. हा वळसा ओळखून ते पोर्ट, म्हणजे स्विचवरची केबल खोचायची ती जागा, बंद करणारी सोय सेटिंग करता येणाऱ्या बहुतेक स्विचमध्ये असते, पण तिथे ती कोणीतरी बंद करून ठेवली होती. एका खोलीतल्या एका केबलने पूर्ण कार्यालय बंद पाडलं, कारण पूर्ण कार्यालय एकच दालन होतं.

भिंत न बांधता खोल्या

पूर्वी यावर एकच उपाय होता. लेखा विभागाला वेगळा स्विच, वेगळ्या केबल, इतरांना वेगळा. माणूस दुसऱ्या मजल्यावर गेला की केबल पुन्हा ओढा. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोअर या दूरसंचार संशोधन संस्थेत डेव्हिड सिंकोस्की यांनी पेटी तीच ठेवून आतल्या आत वेगळी नेटवर्कं करण्याची कल्पना मांडली. तिचं नाव व्हीलॅन, म्हणजे आभासी स्थानिक नेटवर्क. १९९८ साली ८०२.१क्यू या नावाने तिचं मानक झालं, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांच्या खोल्या ओळखू लागले.

युक्ती साधी आहे. नेटवर्कवरून जाणारी माहिती छोट्या पाकिटांत जाते. स्विच त्या पाकिटावर एक पट्टी चिकटवतो, तिला टॅग म्हणतात. टॅग चार बाइटचा असतो आणि त्यातले बारा बिट खोलीच्या क्रमांकासाठी राखलेले असतात. बारा बिटांत ४०९६ आकडे बसतात, पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून एका नेटवर्कमध्ये ४०९४ खोल्या करता येतात.

एक पाकीट जवळून पाहू. लॅपटॉप तीन नंबरच्या पोर्टला जोडलाय आणि ते पोर्ट आपण १० क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये टाकलंय. लॅपटॉपने साधं पाकीट सोडलं. स्विचने ते घेतलं आणि हे दहाचं आहे याची नोंद ठेवली. जायचं दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून दोन स्विचना जोडणाऱ्या केबलवर टाकताना त्याने त्यावर १०ची पट्टी लावली. वरच्या स्विचने पट्टी वाचली, काढून टाकली आणि पाकीट १०मध्येच असलेल्या दुसऱ्या संगणकाला दिलं. त्याच वरच्या स्विचला नवव्या पोर्टवर कॅमेरा आहे, पण तो ३०मध्ये. त्याला या पाकिटाचा सुगावाही लागला नाही. लॅपटॉपलाही पट्टीचा पत्ता नाही. सगळा कारभार स्विचच्या पोटात झाला.

यंत्र जोडायच्या पोर्टला ॲक्सेस पोर्ट म्हणतात आणि अनेक खोल्यांची पाकिटं पट्ट्यांसह वाहून नेणाऱ्या पोर्टला ट्रंक. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी स्विचच्या सेटिंगचं पान वाचता येतं.

प्रत्येक खोलीला क्रमांकांचा स्वतःचा पट्टा द्यायचा असतो, त्याला सबनेट म्हणतात. इथे एक सवय मी आवर्जून सांगतो. खोलीचा क्रमांक आणि पत्त्यातला तिसरा आकडा सारखा ठेवा. १० क्रमांकाच्या व्हीलॅनला १९२.१६८.१०, ३०ला १९२.१६८.३०. मग रात्री दोन वाजता यादीत १९२.१६८.३०.१४ दिसला, की कागद न उघडता कळतं, हा कॅमेऱ्यांपैकी आहे. अशा एका पट्ट्यात २५४ यंत्रं बसतात, बहुतेकांना ती पुरतात.

एका खोलीतून दुसरीत जायचं असेल तर वाट फक्त राउटरमधून. आणि वाट एकच असली की तिथे पहारेकरी बसवता येतो, ‘याला जाऊ दे, त्याला नको’ असं सांगता येतं. तो पहारेकरी म्हणजे फायरवॉल.

गट कशावरून पाडायचे?

बहुतेकांची गाडी इथेच चुकते. पहिला मोह मजल्याप्रमाणे गट पाडायचा, दुसरा विभागाप्रमाणे, तिसरा यंत्र बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे. हे दिसायला नीटनेटकं दिसतं आणि उपयोगाला येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा आणि तिसऱ्या मजल्यावरचा हिशेबाचा संगणक यांच्यात मजल्याखेरीज काहीही समान नाही.

मी एकच कसोटी लावतो. प्रत्येक यंत्राला तीन प्रश्न विचारायचे: तुला कोणाशी बोलावं लागतं? तुझ्याशी बोलणं कोणी सुरू करावं? तू फितूर झालास तर काय बिघडेल? ज्या दोन यंत्रांची तिन्ही उत्तरं सारखी, ती एका गटात. एक जरी उत्तर निराळं आलं तर गट निराळा करण्याचा विचार करायचा.

कॅमेऱ्याचं उत्तर पाहा. त्याला चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरशी बोलावं लागतं आणि घड्याळ जुळवायला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरशी. बस्स. इंटरनेटवर जायचं त्याला सहसा कारण नाही. पाहुण्याच्या फोनचं उत्तर बरोबर उलटं: फक्त इंटरनेट, आतलं काहीही नाही. प्रिंटर सगळ्यांचं ऐकतो, पण स्वतःहून कोणाचं दार ठोठावायची त्याला गरज नसते. उत्तरं मिळाली की पहाऱ्याचे नियम आपोआप लिहून झालेले असतात. गट पाडणं आणि नियम लिहिणं ही दोन कामं आहेत असं वाटतं, पण विचार एकदाच करावा लागतो.

एक गट बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे खुद्द स्विच, राउटर आणि वायफायच्या पेट्यांची सेटिंगची पानं. ती सगळ्यांच्या खोलीत उघडी ठेवणं म्हणजे किल्ल्यांचा जुडगा दालनातच टांगून ठेवणं. त्यांना स्वतंत्र खोली द्या, आणि शक्य असेल तर तिथे पोचायची वाटही स्वतंत्र ठेवा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं होतं. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारा नेटवर्कचा कणाच बंद पडला, आणि अशा वेळेसाठी राखलेली पर्यायी वाटही चालेना. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष जाऊन यंत्रं हाताळावी लागली. दुरुस्तीची वाट बिघाडाच्याच वाटेवरून जात असेल, तर केवढ्याही मोठ्या कंपनीचे हात बांधले जातात.

किती गट हवेत? घरात तीन पुष्कळ: आपली यंत्रं, स्मार्ट वस्तू, पाहुणे. छोट्या कार्यालयात पाच-सहा. मी वीस-बावीस गट पाडलेली कार्यालयंही पाहिली आहेत, आणि तिथे कोणता नियम का आहे हे कोणालाच आठवत नव्हतं. अनेक इमारतींच्या मोठ्या आवारात मात्र कामाबरोबर इमारतीचाही विचार करावा लागतो. एकच खोली दहा इमारतींत ताणली की एका इमारतीतला गोंधळ दहाही ठिकाणी पोचतो.

कागदावरचे गट वेगळे

आता एक फरक, जो न कळल्याने मोठे घोटाळे होतात. यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही गट असतात. तिथे तुम्ही ‘सगळे कॅमेरे’ असा गट करता आणि पडद्यावर ते एका फोल्डरमध्ये सुंदर दिसतात. त्या फोल्डरमुळे एकही पाकीट अडत नाही. व्हीलॅन ही भिंत आहे, हा फोल्डर ही यादी आहे. यादीत वेगळा दिसणारा कॅमेरा वायरवर वेगळा असेलच असं नाही.

याद्यांचा फायदा असा, की एक यंत्र कितीही याद्यांत बसतं. तोच स्विच ‘दुसरा मजला’मध्ये, ‘अत्यावश्यक’मध्ये आणि ‘जुनं सॉफ्टवेअर’मध्येही. म्हणून मी फोल्डरच्या आत फोल्डर करण्यापेक्षा प्रत्येक यंत्राला चार-पाच खुणा लावतो: प्रकार, जागा, महत्त्व, जबाबदार माणूस. मग ‘दुसऱ्या मजल्यावरचे अत्यावश्यक स्विच’ ही यादी हवी तेव्हा तयार होते.

यातून रोजचं काम खरोखर हलकं होतं. सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की आधी ‘चाचणी’ खुणेच्या पाच यंत्रांवर टाकायचं, दोन दिवस थांबायचं, मग बाकीच्यांवर. सूचनांचंही तसंच. एका स्विचवर चोवीस कॅमेरे आहेत आणि स्विचची वीज गेली. कोण कोणाच्या मागे आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलेलं नसेल तर पंचवीस संदेश येतात आणि खरा संदेश त्यात बुडतो. सांगितलेलं असेल तर एकच येतो: स्विच बंद. रात्री उठणाऱ्या माणसाला या फरकाची किंमत कळते.

“आमच्याकडे मोजकीच यंत्रं आहेत, एवढा खटाटोप कशाला?”

आरोळ्यांच्या ओझ्यापुरतं हे म्हणणं बरोबर आहे. वीस यंत्रांच्या आरोळ्यांनी आजचं नेटवर्क दमत नाही. पण धोका यंत्रांच्या संख्येवर ठरत नाही, त्यातल्या सगळ्यात दुबळ्या यंत्रावर ठरतो.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कॅमेरे, रेकॉर्डर आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कुठलीही जादू नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती आणि तो त्या एकामागून एक लावून पाहत होता. त्या यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं अनेकांना काही तास उघडेनात.

मोठ्यांचंही उदाहरण आहे. २०१३ साली टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत आले ते शीतकरण आणि वातानुकूलनाचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराची चोरलेली ओळख वापरून, आणि तिथून पैसे घेणाऱ्या यंत्रांपर्यंत पोचले. या दोन जगांना एकमेकांशी बोलायचं काही कारणच नव्हतं.

घरी तर तयार गट हाताशी असतो. राउटरचं गेस्ट वायफाय चालू करा आणि स्मार्ट प्लग, बल्ब, कॅमेरे त्यावर हलवा. मात्र काही राउटरमध्ये गेस्ट वायफायवरची यंत्रं एकमेकांनाही दिसू नयेत अशी सोय आपोआप चालू असते. कॅमेरा आणि त्याचा रेकॉर्डर दोन्ही तिथे असतील तर ती पाहून घ्या.

“मग फोनवरून टीव्ही कसा लागणार?”

ही तक्रार अगदी खरी आहे आणि बरेच जण पहिल्याच दिवशी इथे अडून सगळं पूर्ववत करतात. फोन टीव्हीला शोधतो तोही हाक मारूनच, आणि ती हाक खोलीबाहेर जात नाही. टीव्ही दुसऱ्या गटात गेला की फोनला तो दिसेनासा होतो.

सोपा मार्ग म्हणजे टीव्ही फोनच्याच गटात ठेवायचा, तेवढी सवलत घ्यायची. दुसरा, राउटरमध्ये ही शोधाची हाक एका खोलीतून दुसरीत पोचवणारी सोय असते, ती चालू करायची. तिच्या सेटिंगमध्ये सहसा ‘एमडीएनएस’ हा शब्द दिसतो. त्याबरोबर पहारेकऱ्याला सांगायचं: फोनने सुरू केलेल्या बोलण्याला टीव्हीने उत्तर दिलं तर येऊ दे, टीव्हीने स्वतःहून सुरू केलं तर अडव. जवळपास प्रत्येक फायरवॉलला हे कळतं. प्रिंटरलाही हेच लागू.

“वेग कमी होईल का?”

गटाच्या आत काहीही फरक पडत नाही. दोन गटांमधली रहदारी राउटरमधून जाते, आणि राउटर एकाच केबलने जोडलेला असेल तर जाणं आणि येणं त्याच केबलवर होतं. म्हणून मोठ्या फाइल साठवणारी पेटी ज्यांना रोज लागते त्यांच्याच गटात ठेवावी.

वायफायवर मात्र जपून. प्रत्येक वायफाय नाव सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ असं जाहीर करतं. आठ नावं केलीत तर हवेतून माहिती पाठवायचा बराच वेळ त्यातच खर्ची पडतो. तीन-चारच्या पुढे जाऊ नका.

“व्हीलॅन केलं म्हणजे सुरक्षित झालो ना?”

नाही, आणि हे मला जोर देऊन सांगायचं आहे. खोल्या केल्या, पण राउटरवर नियमच लिहिले नाहीत, तर पुष्कळ राउटर सगळ्या खोल्यांमधली दारं सताड उघडी ठेवतात. आरोळ्या थांबतात, दार ठोठावणं थांबत नाही. मी पाहिलेल्या चुकांमध्ये ही पहिल्या क्रमांकाची.

तपासणं दोन मिनिटांचं काम आहे. पाहुण्यांच्या वायफायवर फोन जोडा, ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाका. लॉगिनचं पान उघडलं तर भिंत नाही.

दुसरी गोष्ट. नवा स्विच येतो तेव्हा त्याची सगळी पोर्टं १ क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये असतात. तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका, आणि न वापरलेली पोर्टं बंद करा. शिवाय एकाच खोलीतली यंत्रं एकमेकांना उघडीच असतात, त्यामुळे पासवर्ड बदलणं आणि अपडेट करणं यातून सुटका नाही.

उद्या सुरुवात करायची तर

आधी यादी, स्विचला हात नंतर. राउटरच्या पानावरची अनोळखी नावं एकेक करून ओळखा. उपाय जुनाच: एक यंत्र बंद करा, यादीतलं कोणतं नाव गेलं पाहा, लगेच त्याला नाव द्या. नाव असं, की जागा आणि प्रकार दोन्ही कळतील. ‘मजला२-जिना-कॅमेरा०३’ पाहून कोणालाही तिथे चालत जाता येतं.

मग एकच गट हलवा. पाहुण्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांचं आतलं काही तुटण्यासारखं नसतं. आठवडाभर चालू द्या. मग कॅमेरे. हिशेबाची यंत्रं शेवटी, आणि तीही कामाच्या वेळेत नको.

बदल करण्यापूर्वी स्विचच्या सेटिंगची प्रत काढून ठेवा, आणि आपण स्वतः ज्या पोर्टवर बसलो आहोत ते सगळ्यात शेवटी हलवा. ते आधी हलवलं तर ‘सेव्ह’ दाबताक्षणी पान गोठतं, तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलेले असता आणि स्विच पहिल्या. एक पोर्ट सेटिंगच्या गटात राखून ठेवा, त्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कोणतं पोर्ट कोणत्या गटात आहे याचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. नेटवर्क बंद असताना तो कागद तेवढा उघडतो.